सात नंबरच्या ओट्यावरचा दुपट्टा

हेवा करायचा तर समोर माणूस लागतो, अशी माझी समजूत होती. आमच्या मैदानावर मी सलग तीन वर्षं एका न आलेल्या माणसाचा हेवा केला, आणि तो इतका मनापासून केला की घरी भाकर गोड लागेना. त्या माणसाबद्दल पुढे सांगतो. आधी कंडक्टरकाकांबद्दल सांगायला पाहिजे, कारण ही आग लावली त्यांनीच.

सेलूच्या पुढे, बोर धरणाच्या पाण्याकाठी, गावच्या समितीने तंबू ठोकून राहायचं एक मैदान काढलं आहे. मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून केलेले वीतभर उंचीचे बारा ओटे. एका ओट्यावर एक तंबू. नागपूर-वर्ध्याची माणसं शनिवारी येतात, पाण्याकडे बघत बसतात, रविवारी जातात. मी तिथे मॅनेजर. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेला आहे, सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं आहे. बुकिंग माझ्या मोबाईलवर येतं. पण त्या बुकिंगचं पुढे जमिनीवर काय करायचं, हे कंडक्टरकाका ठरवायचे.

काका तीस वर्षं बसवर कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर समितीने त्यांना मैदानाची राखण दिली. खाकी शर्ट सुटला नव्हता, कानावरचा पेन सुटला नव्हता. उभे राहायचे ते पाय फाकवून, जमीन आता वळण घेणार आहे अशा बेताने. खांद्यावर कायम दुपट्टा, आणि ऑफिसातल्या पेटीत धुतलेले आणखी सात-आठ.

ते दुपट्टे ओट्यांसाठी होते. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते आपण सगळेच करतो. काकांना तो प्रकार मुळीच आवडायचा नाही. "रुमाल पॅसेंजरनं नाई टाकाव, कंडक्टरनं टाकाव," असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या ओट्याचं बुकिंग असेल तो ते दुपारी बारा वाजता झाडायचे, पाणी शिंपडायचे, कोपऱ्यात भरलेलं मडकं ठेवायचे आणि मधोमध दुपट्टा पसरून त्यावर दगड ठेवायचे. तिथपासून त्या ओट्यावर माणूस राहायला आला, असं धरायचं. येवो न येवो.

धरायचं म्हणजे खरंच धरायचं. रिकाम्या ओट्यावरून कोणी पाण्याकडे चाललं की काका लांबून ओरडायचे, "ओ भाऊ! लोकाच्या घरातून जाता काय तुम्ही? बाजूनं या!"

"पण इथं कोणीच नाही काका."

"आज नाई म्हनून काय झालं? बुकिंग हाय ना."

माणूस मुकाट्याने वळसा घालून जायचा. मी हेच सांगितलं असतं तर माझ्याशी वाद घातला असता. मला आठवतं, एकदा एका घरच्या पोरांचा बॉल पाच नंबरच्या ओट्यावर गेला. पाचवाले अजून यायचे होते, ओट्यावर दुपट्टा तेवढा होता. काकांनी पोरांना काठावर उभं केलं आणि म्हणाले, "पुसा. घेऊ का म्हनून पुसा."

पोरं लाजत लाजत म्हणाली, "काकू, बॉल घेऊ का?"

काका बायकी आवाज न काढता, अगदी साध्या गळ्याने म्हणाले, "घ्या बाबू, पन मडकं फोडू नोका."

त्यानंतर संध्याकाळभर ती पोरं मुद्दाम पाचवर बॉल मारत होती. पुढे पाचवाले खरंच आले तेव्हा त्या बाईंना तिघा पोरांनी येऊन विचारलं, "काकू, बॉल घेऊ का?" आणि बाई हसून हसून बेजार झाल्या. सगळं मैदान हसलं. मी ऑफिसात बसून त्यांचं आधारकार्ड स्कॅन करत होतो.

हे असंच व्हायचं. तंबू मी मागवलेले, संडास-बाथरूमची लाईन मी टाकून घेतलेली, आणि लोक परत जाऊन मोबाईलवर लिहायचे काय, तर काकांबद्दल. काकांचा फोटो, काकांचा दुपट्टा, काकांचे नियम. मी ते सगळं रोज वाचायचो. बहुतेक वेळा शेवटी एक ओळ असायची, 'मॅनेजरही सहकार्य करतात.' त्या 'ही'ने मी किती वेळा जळलो असेन, त्याची गणती नाही.

त्यातही लोकांना सर्वांत जास्त आवडायचं ते काकांचं उशिराचं कारण. संध्याकाळी पाच वाजून गेले आणि एखादा ओटा रिकामाच राहिला, की काका त्याच्या कडेला उकिडवे बसायचे आणि येणाऱ्याला उशीर का झाला असेल ते सांगू लागायचे. सगळं मनाचं.

"पंक्चर झाली असन. स्टेपनी काढली तर थे बी पंक्चर. आता बुवा बायकोले म्हनते का मी तुले म्हतलं होतं, अन् बायको म्हनते का मी तुले म्हतलं होतं. पोरगं मधात बिस्कीट खाऊन राह्यलं."

दोन तंबूंतली माणसं चहाचे कप घेऊन जवळ यायची. तासाभरात त्या न आलेल्या घराची सगळी माहिती मैदानाला झालेली असायची. मग ते लोक खरोखर आले की बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि विचारायचे, स्टेपनी मिळाली का? आलेली माणसं गोंधळायची, पण खूश व्हायची. आपली कोणी एवढी वाट पाहिली, हे कोणाला आवडत नाही? मी रोज सेलूहून फटफटीवर चोवीस किलोमीटर येत होतो. आठ म्हणजे आठला हजर. मला यायला उशीर का झाला असेल, असा विचार कोणी कधी केला नाही, कारण उशीर मी केलाच नाही. एकदा मुद्दाम दीड तास उशिरा आलो. काका म्हणाले, "आलास? टाकी भराची हाय."

मला काय हवं होतं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. या माणसाने एकदा तरी माझ्यासाठी जागा धरून ठेवावी, एवढंच. चाळिशीतल्या माणसाने असं काही मनात धरावं हे शोभत नाही, मला ठाऊक आहे.

काकांचे दोन नियम दगडावरची रेघ होते. पहिला असा, की बुकिंग केलेली जागा दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्या माणसाचीच. दहा वाजता ते झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दोन ठोके द्यायचे. डबल बेल. म्हणजे गाडी सुटली, आता जागा मोकळी. दहाच्या आधी समितीचे अध्यक्ष आले असते तरी जागा मिळाली नसती.

दुसरा नियम मला तेव्हा गमतीचा वाटायचा. "एकदा तिकीट फाडून बसवलेल्या पॅसेंजरले उठवाचं नाई. चूक झाली असन तं थे तिकीट फाडनाऱ्याची. बसनाऱ्याची नाई."

पहिल्या नियमाची गोष्ट ते नेहमी सांगत. हिंगणघाटहून वर्ध्याला येणारी गाडी, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि तीन नंबरची खिडकीची सीट रिकामी. रिझर्वेशन होतं, माणूस आला नव्हता. लोक तोंडाला येईल ते बोलले. एक पुढारी छापाचा माणूस जबरदस्तीने बसायला गेला तर काका स्वतः त्या सीटसमोर आडवे उभे राहिले. वर्धा पाच मिनिटांवर आली असताना एक घामाघूम म्हातारा हात करत बसमध्ये चढला. त्याची गाडी चुकली होती आणि तो ऑटोने, मग कोणाच्या ट्रॅक्टरवर बसून पुढच्या थांब्यावर येऊन उभा होता. त्याला सीट मिळाली. पाच मिनिटं बसला.

"पाच मिनिटांसाठी एवढं?" असं मी विचारलं होतं.

"थो जवा बसला ना बाबू," काका म्हणाले, "तवा पायलटनं आरशातून मले पाह्यलं. अन् हसला."

आता पायलटवर येतो. काका ड्रायव्हरला पायलट म्हणत आणि ते ड्रायव्हर काकांना मास्तर म्हणत. अठरा-एकोणीस वर्षं दोघांची जोडी होती. त्यातली बरीच वर्षं त्यांच्याकडे इथल्या गावची मुक्कामाची गाडी होती. म्हणजे संध्याकाळी शेवटची गाडी इथे यायची, रात्रभर इथेच थांबायची आणि सकाळी पहिली म्हणून निघायची. ती गाडी उभी राहायची ती जागा म्हणजे आमचा आताचा सात नंबरचा ओटा. वर मोहाचं झाड, समोर पाणी. दोघं तिथे चूल मांडायचे, जेवायचे आणि गाडीच्या टपावर झोपायचे.

पुढे पायलटना लकव्याचा झटका आला. डावं अंग गेलं. ते लेकीकडे असायचे, हिंगणघाट तालुक्यात, वडनेरकडे. एकदा त्या मोहाखालच्या जागेवर मुक्काम करायचा, एवढी त्यांची एकच इच्छा होती. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी फोन यायचा, मास्तर, येऊन राह्यलो. काका सातवर दुपट्टा टाकायचे. आणि दरवर्षी काहीतरी व्हायचं. एकदा बीपी वाढलं, एकदा लेकीच्या सासरी कोणी वारलं, एकदा नुसतीच निघायची उमेद झाली नाही. तीन वर्षं, वर्षाच्या सगळ्यांत गर्दीच्या शनिवारी, मैदानातला सगळ्यांत चांगला ओटा रिकामा राहिला. काका रविवारी दहाला डबल बेल द्यायचे, दुपट्टा झटकायचे आणि म्हणायचे, "पुढच्या साली."

त्यांच्या बोलण्यात पायलट आला नाही असा दिवस नव्हता. आम्ही दुपारी एकत्र जेवायचो. माझी बायको पाटोडी फार चांगली करते, साऱ्या नात्यात नाव आहे तिचं. काका रस्सा भुरकून म्हणायचे, "चांगली हाय. पन पायलटच्या घरची पाटोडी तू नाई खाल्ली." रोज. वांग्याची भाजी असो, वरणफळं असोत, गोळाभात असो, पायलटच्या घरचं सगळं वरचढ. मी हे बायकोला सांगत नसे. तिला वाईट वाटलं असतं. मला वाटायचं तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी शेवटच्या शनिवारी काकांना एका नातेवाइकाच्या तेरवीला जावं लागलं. भावकीतलं होतं, टाळता येईना. सकाळी त्यांनी सात नंबर झाडला, मडकं भरलं, दुपट्टा टाकला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ते दगड नीट बसवत होते. मग माझ्याकडे आले.

"उद्या पहिल्या गाडीनं येतो. सातवर ध्यान ठेवजो. या साली थो येतेच म्हने. पोरगी गाडी करून आनून राह्यली."

"ठेवतो ना काका."

"तू हायेस म्हनून जाऊन राह्यलो," ते म्हणाले.

हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवलं. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. पण त्यात एक कुसळही होतं. राखण करायची ती शेवटी त्याच्याच जागेची.

पाच वाजता माझे साडू आले. नागपूरला असतात, मोठी गाडी आहे. बायको, दोन मुलं, सासूबाई, सगळे गाडीत. बुकिंग नाही. माझ्या बायकोने तिच्या ताईला केव्हातरी सांगून ठेवलं होतं, या कधीही, हे तिथे मॅनेजर आहेत. बाराही ओटे लागलेले होते. अकरांवर तंबू होते आणि सातवर दुपट्टा.

"अरे यार, हा तर खाली हाय," साडू म्हणाले.

"बुकिंग आहे."

"कोणाचं?"

मी सांगितलं. तीन वर्षं येतात म्हणतात आणि येत नाहीत, हेही बोलून गेलो. ते बोलायची गरज नव्हती.

साडू हसले. "म्हणजे न येणाऱ्या बुढ्यासाठी आम्ही परत जायचं? तू इथं मॅनेजर आहेस का तो दुपट्टा?"

सासूबाई गाडीतून बघत होत्या. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, त्यांच्या हातात नसेल." सगळ्यांत जास्त लागलं ते त्यांचं हे समजूतदारपणाचं बोलणं. मी सातवर गेलो, दगड बाजूला केला, दुपट्टा उचलून त्याची घडी केली आणि म्हटलं, ठोका तंबू.

साडूंमुळे केलं, सासूबाईंसमोर लाज राखायला केलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं ते नाही. साडू आले नसते तर मी दुसरा कोणी शोधला असता. ती जागा मला रिकामी बघवत नव्हती. दुपट्टा उचलताना मला चोरासारखं वाटलं नाही, बरं वाटलं.

त्या रात्री मी मैदानावरच थांबलो; रात्र सुखात गेली, कोणी आलं नाही. सकाळी आठच्या गाडीने काका उतरले आणि सरळ सातकडे आले. ओट्यावर निळा तंबू, मोहाच्या फांदीला साडूंचे टॉवेल आणि मुलांच्या चड्ड्या वाळत घातलेल्या. काका काठावर थांबले. ओट्यावर पाय ठेवला नाही.

"कोन हाय?"

"माझे साडू."

"तिकीट देलं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मी घाईने म्हणालो, "तसेही ते येत नाहीत काका. काल संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली."

"दहा वाजाचे हायेत अजून," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी ऑफिसातून दुपट्टा आणून दिला. तो त्यांनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर टाकला आणि गेटपाशी जाऊन उभे राहिले.

साडेनऊला ऑटो आला. गाडी काल सेलूजवळ बिघडली होती, म्हणून बापलेक रात्री सेलूत कोणा नातेवाइकाकडे थांबले होते आणि सकाळी ऑटो करून आले होते. काकांनी रचलेली उशिराची कारणं मी शंभरदा ऐकली होती. हे तर त्यांच्यातलंच एक निघालं.

लेकीने आधी गुंडाळलेली सतरंजी काढली, मग वडलांना उतरवलं. मी त्या माणसाला पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या मनात ते उंच, रुंद, मिशीवाले होते. उतरले ते एक वाळलेले गृहस्थ, ओठाची एक बाजू खाली ओढलेली, हातात काठी. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा.

"मास्तर, गाडी लेट झाली."

"लेट कायची? दहा वाजाचे हायेत," काका म्हणाले आणि त्यांचा दंड धरला.

दोघं चालत सातपर्यंत आले. पायलटनी तंबू पाहिला, वाळत घातलेले कपडे पाहिले, मग काकांकडे पाहिलं.

"माह्याकून चूक झाली पायलट," काका म्हणाले. "एका सीटवर दोन तिकिटं फाटले."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तिथेच उभा होतो. मला एकदम काय झालं कोणास ठाऊक, मी तंबूकडे धावलो. साडूंना उठवतो, पाच मिनिटांत ओटा रिकामा करून देतो, असं काहीतरी बडबडलो. काकांनी माझं मनगट धरलं. त्या वयाच्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बसलेल्या पॅसेंजरले उठवत नाई बाबू."

"काका, प्लीज."

"लेकरं झोपले हायेत त्याच्यात."

पायलट हे ऐकून हसले. अर्ध्या तोंडाने हसले, पण हसले. "राहू दे मास्तर. सीट फुल हाय तं उभ्यानं जाऊ."

मी ऑफिसातून खुर्ची आणली. त्यांनी खुर्चीला हातसुद्धा लावला नाही. ओट्याच्या कडेला, जमिनीवर उभं राहून त्यांनी उजव्या हाताने मोहाची खालची फांदी धरली, बसमध्ये वरचा दांडा धरतात तशी. काठी लेकीकडे दिली. काका त्यांच्या शेजारी पाय फाकवून उभे राहिले आणि त्यांच्या पाठीला हात लावून ठेवला. दोघं पाण्याकडे बघत होते. मधे पायलट काहीतरी म्हणाले, काकांनी हो म्हटलं. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि इतकं सगळं होऊनही मला ते ऐकायचं होतं.

पायलटचे पाय थरथरायला लागले तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, चाला आता. ऑटोवाला थांबला हाय." तिने सतरंजी तशीच गुंडाळलेली परत ऑटोत ठेवली.

जाताना ते काकांना म्हणाले, "पुढच्या साली."

"हाव. ठेवतो ना," काका म्हणाले.

ऑटो वळणावर दिसेनासा झाला. काकांनी घड्याळ पाहिलं, झाडाकडे गेले आणि रुळाच्या तुकड्यावर दोन ठोके दिले. नेहमीसारखेच. त्या आवाजाने साडू जांभई देत तंबूतून बाहेर आले आणि चहा मिळेल का म्हणून विचारू लागले.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. डब्यात पाटोडी होती. काकांनी सगळी खाल्ली, रस्साही प्यायले, आणि म्हणाले, "चांगली हाय."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. ते आलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही. इतकी वर्षं मला जे ऐकायचं नव्हतं ते ऐकू येणं बंद झालं होतं आणि माझ्या वाट्याची पाटोडी मी तशीच झाकून ठेवली.

काकांनी समितीला काही सांगितलं नाही. मला रागावलेही नाहीत. पायलट त्याच उन्हाळ्यात गेले. काका जाऊन आले, दुसऱ्या दिवशी टाकी भरली. पुढे दोन वर्षं ते मैदानावर होते. दुपट्टे टाकत होते, लोकांना वळसा घालायला लावत होते, उशिराची कारणंही सांगत होते. त्यानंतर गुडघे गेले आणि मुलाने त्यांना पिपरी मेघेला आपल्या घरी नेलं.

मी त्यांना भेटायला जायचं टाळत होतो. कामाची सबब होतीच. गेल्या महिन्यात मात्र फोन केला, म्हटलं, मंगळवारी चार वाजता येतो. ते म्हणाले, "येजो." मंगळवारी नेमकी मैदानावर पाण्याची मोटर जळली. निघताच आलं नाही. उशीर होतो म्हणून कळवायचंही सुचलं नाही. मी बुधवारी सकाळी गेलो.

दुसरा मजला. सुनेने दार उघडलं आणि गॅलरीकडे हात केला. गॅलरीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर काका, आधीपेक्षा लहान दिसणारे, अंगात तोच खाकी शर्ट. दुसरी खुर्ची रिकामी, पुसलेली, तिच्यावर पसरलेला दुपट्टा. बाजूला स्टुलावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला.

तो दुपट्टा पाहिला आणि मी दारातच थांबलो. पायलट जाऊन तीन वर्षं होत आली, तरी त्यांची जागा अजून धरून ठेवलेली. सांगायला लाज वाटते, पण तेच जुनं जळणं पुन्हा उठलं. मेलेल्या माणसाचाही मी हेवा करत होतो.

"बैस ना बाबू," काका म्हणाले.

"नको काका. मी उभाच बरा."

"उभा काऊन?"

मी खुर्चीकडे पाहिलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "बसा हो भाऊ एकदाचे. कालपासून त्या खुर्चीवर आमाले कोनाले टेकू नाई देल्लं यांनी. काल घरात पाव्हने आल्ते, थे उभ्यानं चहा पेऊन गेले. मी म्हतलं, आता थे भाऊ येत नाईत, काहाडा तो दुपट्टा. तं म्हने मोटर जळली असन. टाकी भराची राह्यली असन."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. साडेनऊ वाजले होते.

"दहा वाजाचे हायेत अजून," ते म्हणाले.

त्यांनी वाकून स्वतः दुपट्टा उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. मी बसलो. खुर्चीचा एक पाय जरा आखूड होता. इतकी वर्षं ज्या जागेसाठी मी जळलो ती मला मिळाली होती, आणि मला तिथे बसवत नव्हतं. काका आत ओरडून सुनेला पाटोडी आहे का विचारत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस फांदी धरून उभा होता.